घरचा संगणक मंदावला की दोष नेमका कुठे शोधावा

घरचा संगणक फारच हळू चालू लागला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. कोणीतरी ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ अशा नावाचे सॉफ्टवेअर डाउनलोड करून चालवते, नाहीतर संगणक आता जुना झाला, नवाच घ्यायला हवा, असे ठरवून मोकळे होते. दोन्ही ठिकाणी तपासणीआधीच उपाय ठरलेला असतो. त्यामुळे पहिल्याचा सहसा उपयोग होत नाही आणि दुसऱ्यापायी, एखादा भाग बदलून आणखी काही वर्षे सुखाने चालला असता असा संगणक अडगळीत जातो. वास्तविक संगणकाचा वेग ठरवणारे भाग मोजकेच आहेत : आकडेमोड करणारा प्रोसेसर, चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी रॅम, फायली कायम साठवणारी डिस्क आणि काही कामांपुरते ग्राफिक्स व नेटवर्क. संगणक रेंगाळतो तेव्हा यांपैकी बहुधा एकच भाग आपल्या क्षमतेच्या टोकाला पोचलेला असतो आणि बाकीचे भाग त्याची वाट पाहत जवळजवळ रिकामे असतात. तो भाग कोणता हे ओळखणे म्हणजेच निदान, आणि त्यासाठी लागणारी बहुतेक साधने संगणकात आधीपासूनच असतात. पुढील विवेचन विंडोजला धरून केले आहे. मॅकवर ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ आणि लिनक्सवर ‘सिस्टिम मॉनिटर’ किंवा ‘टॉप’ उघडल्यास हीच माहिती थोड्या वेगळ्या मांडणीत मिळते.

साधन उघडण्याआधी तक्रार नीट मांडून घ्यावी, कारण ‘स्लो झाला’ या दोन शब्दांत अनेक निरनिराळे दोष लपलेले असतात. संगणक सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटेच त्रास होतो आणि मग सगळे सुरळीत चालते का? की उलट, सुरुवातीला ठीक चालतो आणि काही तासांच्या वापरानंतर जड होत जातो? प्रत्येक प्रोग्रॅम हळू चालतो की एखादाच? त्रास फक्त वेबसाइट उघडतानाच जाणवतो का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळवणे सर्वांत सोपे आहे. संगणकात साठवलेला एखादा फोटो किंवा दस्तऐवज उघडून पाहावा. तो चटकन उघडत असेल आणि वेबपानेच अडत असतील, तर दोष इंटरनेटच्या जोडणीत, वायफायमध्ये किंवा ब्राउझरमध्ये शोधावा, संगणक उघडण्याचे कारण नाही. मंदपणा हळूहळू आला की एकाएकी, हेही आठवून पाहावे. हळूहळू आलेल्या मंदपणामागे भरत गेलेली डिस्क, वाढत गेलेले प्रोग्रॅम किंवा पंख्यात साचलेली धूळ असण्याचा संभव अधिक असतो. एकाएकी आलेल्या मंदपणात मात्र नुकतेच झालेले अपडेट, नुकतेच घातलेले सॉफ्टवेअर, व्हायरस किंवा बिघडू लागलेली डिस्क यांचा संशय आधी घ्यावा.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तो लहान चौकटीत उघडला तर खालचे ‘मोअर डीटेल्स’ दाबावे. पहिल्या यादीत चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमसमोर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतात आणि प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर त्या भागाचा एकूण वापर टक्क्यांत असतो. रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केले की तो भाग सर्वाधिक वापरणारा प्रोग्रॅम वर येतो. हे आकडे संगणक अडकलेला असतानाच पाहायला हवेत. सगळे सुरळीत चालू असताना पाहिलेले आकडे काहीच सांगत नाहीत. म्हणून टास्क मॅनेजर आधीच उघडून बाजूला ठेवावा, नेहमीचे काम करावे आणि गाडी अडली की लगेच तिकडे नजर टाकावी. चारपैकी कोणता रकाना शंभराच्या जवळ आहे, एवढे टिपले तरी अर्धे काम होते.

घरगुती संगणकात हा रकाना पुष्कळदा डिस्कचा निघतो, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर बोलायला हवे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या फिरत असतात आणि त्यांवरून माहिती वाचणारे टोक एका हातावर बसवलेले असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होते. हवी ती माहिती टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते आणि त्याआधी टोकाला योग्य वर्तुळावर सरकायलाही काही मिलिसेकंद लागतात. हा सगळा हिशेब केला, तर अशी डिस्क एका सेकंदात साधारण शंभराच्या आसपासच विखुरलेली वाचने करू शकते. एखादा मोठा चित्रपट सलग वाचायचा असेल तर ती सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट देते, पण चार-चार किलोबाइटचे तुकडे डिस्कभर शोधत हिंडायचे असतील तर तीच डिस्क सेकंदाला एक मेगाबाइटही देऊ शकत नाही. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना किंवा अँटिव्हायरस तपासणी करताना मागणी असते ती या दुसऱ्या प्रकारची, हजारो लहान फायलींची. एसएसडी या नव्या पद्धतीच्या, चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे ती अशी हजारो, अनेकदा लाखाच्या घरातली वाचने सेकंदाला सहज करते. वापरणाऱ्याला जाणवणारा फरक मुख्यतः इथला असतो.

आता टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ या भागात जाऊन डिस्क निवडावी. इथे एका आकड्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, पण माझ्या मते संपूर्ण तपासणीत त्याच्याइतका बोलका आकडा दुसरा नाही. तो म्हणजे ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’, अर्थात मागणी केल्यापासून डिस्कने उत्तर देईपर्यंत लागलेला सरासरी वेळ. निरोगी एसएसडी सहसा एक-दोन मिलिसेकंदांत किंवा त्याहूनही लवकर उत्तर देते. निरोगी हार्ड डिस्क हलक्या कामात दहा-वीस मिलिसेकंद घेते, आणि संगणक सुरू होतानाच्या गर्दीत तो आकडा काही काळ बराच वर जातो. आता समजा, संगणक सुरू होऊन अर्धा तास झाला आहे, कोणताही मोठा प्रोग्रॅम उघडलेला नाही, आणि तरीही डिस्क १०० टक्के दिसते, वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला जेमतेम काहीशे किलोबाइट आहे आणि प्रतिसादाचा वेळ ९०० किंवा २,००० मिलिसेकंद आहे. इथे १०० टक्क्यांचा अर्थ डिस्क भरपूर काम करते आहे असा नाही. ती सतत कशात तरी अडकलेली आहे, असा आहे. तबकडीवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि या प्रयत्नांत कधीकधी कित्येक सेकंद जातात. तेवढा वेळ मागच्या सगळ्या मागण्या रांगेत थांबतात, माउसचा बाण हलतो पण काहीच उघडत नाही, आणि मग एकाएकी सगळे पुढे सरकते. अशा थांबत-थांबत चालण्याला केवळ मंदपणा समजून दिवस ढकलू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे.

असा संशय आला की सर्वप्रथम, दुसरे काहीही करण्याआधी, फोटो, कागदपत्रे आणि इतर महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर काढून घ्याव्यात. डीफ्रॅगमेंट करणे (विखुरलेल्या फायली सलग मांडणे), संपूर्ण डिस्क तपासणे किंवा विंडोज पुन्हा घालणे या सर्व कामांत डिस्कवर प्रचंड ताण येतो, आणि मरणपंथाला लागलेली डिस्क पुष्कळदा त्या ताणातच कायमची बंद पडते. बॅकअप झाल्यावर मग खात्री करावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला ‘स्मार्ट’ असे म्हणतात आणि ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ यांसारख्या मोफत साधनातून ती वाचता येते. तिथे ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स’, ‘पेंडिंग सेक्टर्स’ आणि ‘अनकरेक्टेबल सेक्टर्स’ या तीन ओळी पाहाव्यात. हार्ड डिस्कमध्ये यांची मूळ मूल्ये शून्य असणे उत्तम. ती शून्याहून अधिक असतील आणि आठवड्यागणिक वाढत असतील, तर डिस्क बदलण्याला पर्याय नाही. याच यादीत ‘सीआरसी एरर’ ही नोंद तेवढी वाढत असेल, तर मात्र दोष डिस्कचा नसून तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या केबलचा असण्याची शक्यता मोठी असते, आणि केबल बदलणे हे अगदी किरकोळ काम आहे. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील सिस्टिमच्या नोंदींत ‘डिस्क’ या नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी वारंवार दिसत असतील, तर त्याही याच बाजूने साक्ष देतात.

डिस्क निरोगी आहे, पण हार्ड डिस्कच आहे आणि विंडोजही तिच्यावरच आहे, अशी स्थिती असेल, तर निदान तिथेच संपले असे बहुधा मानता येते. आजचे विंडोज फिरत्या डिस्कवर समाधानकारक चालत नाही. जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवून घेता येते आणि आठ-दहा वर्षांच्या संगणकालाही त्यातून जो वेग येतो, तो दुसऱ्या कोणत्याही एका बदलाने येत नाही. एसएसडी असूनही मंदपणा असेल, तर तिच्यात किती जागा उरली आहे ते पाहावे. एसएसडी काठोकाठ भरली की नवीन लिहिण्याआधी तिला आतल्या आत माहिती हलवून जागा मोकळी करावी लागते आणि तिचे लेखन रेंगाळते. शिवाय विंडोजलाही तात्पुरत्या फायली आणि अपडेटसाठी जागा लागते. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी.

रॅमच्या रकान्याबद्दल गैरसमज फार आहेत. मेमरी ६० टक्के वापरात दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मोकळ्या रॅममध्ये लागण्याजोग्या फायली आधीच आणून ठेवणे हे विंडोजचे नेहमीचे आणि योग्य वर्तन आहे. काळजी करायची ती आकडा ९० टक्क्यांच्या वर टिकून राहतो आणि त्याच वेळी डिस्कही सतत चालू असते तेव्हा. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवरच्या ‘पेजफाइल’मध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. रॅममधून काही वाचायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, तर हार्ड डिस्कवरून तेच आणायला सुमारे दहा मिलिसेकंद, म्हणजे लाखपट वेळ. रॅमच्या एका वाचनाला एक सेकंद लागतो असे धरले, तर डिस्कच्या वाचनाला सत्तावीस तासांहून अधिक लागतील. म्हणूनच रॅम अपुरी पडल्यावर संगणक थोडाफार मंद होत नाही, तर खिडकी बदलायलाही ताटकळत ठेवतो. इथे डिस्कचा रकाना वर दिसत असला तरी मूळ दोष रॅमचा असतो, आणि दोन्ही रकाने एकत्र वाचण्याची गरज इथेच कळते. ‘परफॉर्मन्स’मध्ये मेमरी निवडल्यावर दिसणारा ‘कमिटेड’ (प्रोग्रॅमांना देऊ केलेली एकूण मेमरी) हा आकडा प्रत्यक्ष रॅमपेक्षा बराच मोठा असेल, तर निदान पक्के होते.

मग रॅम कोण खाते ते पाहावे. बहुतेक वेळा तो ब्राउझर असतो, कारण आजचे ब्राउझर बहुतेक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन स्वतंत्र प्रक्रियेत चालवतात. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी घेतो ते नावानिशी दिसते. एखादा प्रोग्रॅम तासागणिक फुगत जात असेल आणि तो बंद केल्यावर संगणक हलका होत असेल, तर त्या प्रोग्रॅमचे अपडेट शोधावे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम सांगितलेली असली, तरी तेवढ्यात ते केवळ चालू होते, काम सुखाने होत नाही. साध्या घरगुती वापरालाही ८ जीबी असावी आणि नवी घेताना १६ जीबी घेतलेली बरी. एक गोष्ट मात्र रॅम विकत घेण्याआधी तपासावी. संगणकात ८ जीबी घातलेली असताना टास्क मॅनेजर ४ जीबीच दाखवत असेल, तर एक पट्टी खाचेत सैल झाली आहे किंवा बिघडली आहे.

प्रोसेसरचा रकाना वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिले असे की, एकूण वापर २५ टक्केच दिसत असूनही प्रोसेसर तुंबलेला असू शकतो. चार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे चार गाभे, असलेल्या प्रोसेसरमध्ये एखादा जुन्या धाटणीचा प्रोग्रॅम एकच कोअर वापरत असेल, तर तो कोअर पूर्ण भरला तरी एकूण आकडा २५ च्या पुढे जात नाही. आलेखावर उजवी कळ दाबून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख पाहिला की हे लक्षात येते. दुसरी फसगत उष्णतेची आहे. प्रोसेसर तापून मर्यादेला पोचला, आणि ही मर्यादा अनेक प्रोसेसरांत १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते, की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. ‘परफॉर्मन्स’मध्ये प्रोसेसरचा सध्याचा वेग आणि शेजारी ‘बेस स्पीड’ असे दोन आकडे असतात. काम जोरात चालू असताना, वापर १०० टक्क्यांजवळ असताना, सध्याचा वेग बेस स्पीडच्या बराच खाली, समजा २.४ ऐवजी ०.८ गिगाहर्ट्झवर, अडकलेला असेल, तर कोठेतरी लगाम खेचलेला आहे. संगणक स्वस्थ असताना वेग कमी दिसणे मात्र स्वाभाविक आहे. पंख्यात आणि हवेच्या जाळीत साचलेली धूळ, प्रोसेसरवरचा वाळलेला थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप), गादीवर ठेवून वापरलेला लॅपटॉप ही नेहमीची कारणे. काही लॅपटॉप कमी क्षमतेचा किंवा न ओळखता आलेला चार्जर जोडल्यावरही वेग उतरवतात. विजेच्या बचतीचा पर्याय चालू राहिला असेल तरी असेच घडते.

प्रोसेसर भरलेला असेल तर यादीतील नाव वाचून मगच निर्णय घ्यावा. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ वर असेल तर अपडेटचे काम चालू आहे, ते पूर्ण होऊ द्यावे. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे विंडोजचा स्वतःचा रक्षक, तो तपासणी संपली की शांत होतो. ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ मात्र सतत वर राहत असेल तर एखाद्या उपकरणाचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा (ते उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) संशय घ्यावा. दोन अँटिव्हायरस एकाच संगणकात घालू नयेत, दोघेही प्रत्येक फाइल अडवून तपासतात. काहीच उघडलेले नसताना पंखा जोराने फिरतो आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतो, असे वारंवार घडत असेल, तर लपून चालणाऱ्या घातक सॉफ्टवेअरचा विचार करावा; त्यांतील काही, विशेषतः दुसऱ्याच्या संगणकावर आभासी चलन काढणारे, पकडले जाऊ नये म्हणून नेमके तेवढ्यापुरते थांबतात. अशा वेळी ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ ही तपासणी वापरावी, कारण ती विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच चालते.

‘परफॉर्मन्स’मधील प्रोसेसरच्या पानावर ‘अप टाइम’ (संगणक किती काळ सलग चालू आहे) नावाची एक ओळ असते आणि ती पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्याच्या पडद्यावरही तिथे २३ दिवस असा आकडा दिसू शकतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. तीत ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तर त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत आणली जाते. त्यामुळे ड्रायव्हरमध्ये साचलेले दोष दिवसेंदिवस तसेच पुढे चालू राहतात. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे खरोखर नव्याने सुरू होते. हे करायला दोन मिनिटे लागतात, तेव्हा कोणत्याही खर्चिक उपायाआधी एकदा रीस्टार्ट करून पाहणे योग्य ठरते.

त्रास फक्त सुरुवातीच्या काही मिनिटांचा असेल, तर टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’चे पान उघडावे. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. रोज न लागणारे तिथूनच बंद करावेत; बंद केल्याने ते प्रोग्रॅम काढले जात नाहीत, फक्त आपोआप सुरू होत नाहीत. ध्वनी, टचपॅड आणि सुरक्षेशी संबंधित नावे तशीच राहू द्यावीत. रजिस्ट्री (विंडोज व प्रोग्रॅमांच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला मात्र जाऊ नये. रजिस्ट्रीतील जुन्या नोंदींमुळे संगणक जाणवण्याइतका मंद होत नाही, चुकीची नोंद पुसली गेली तर विंडोज सुरू होणेच बंद पडू शकते, आणि स्वतः मायक्रोसॉफ्टही अशा साधनांना पाठिंबा देत नाही. रॅम ‘मोकळी’ करणारी साधने चालू प्रोग्रॅमांचा मजकूर रॅममधून बाहेर ढकलतात. टक्केवारी तेवढी उतरते आणि पुढच्याच क्षणी तो मजकूर परत आणण्यात वेळ जातो.

राहता राहिली एक अवघड स्थिती : चारही रकाने खाली आहेत आणि तरीही संगणक अडकतो. अशा वेळी कोणीतरी अशा गोष्टीची वाट पाहत असते जी उत्तर देत नाही. पूर्वी जोडलेला आणि आता अस्तित्वात नसलेला नेटवर्क ड्राइव्ह, बंद असलेला प्रिंटर, झोपी गेलेली बाहेरची डिस्क, खराब झालेली पेन ड्राइव्ह ही यातली नेहमीची मंडळी. कीबोर्ड आणि माउस सोडून बाकी सगळे काढून संगणक रीस्टार्ट करावा आणि फरक पडतो का ते पाहावे. फरक पडला नाही तर सेफ मोडमध्ये सुरू करावा. तिथे विंडोज स्वतःच्या अत्यावश्यक भागांपुरतेच चालते. तिथेही तसाच मंद असेल, तर दोष बहुधा यंत्राचा किंवा खुद्द विंडोजचा असतो, आणि तिथे सुरळीत चालत असेल, तर नंतर घातलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरचा किंवा ड्रायव्हरचा. मग ‘एमएसकॉन्फिग’ हे विंडोजमधलेच साधन उघडून सेवांच्या (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमांच्या) पानावर मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवण्याचा पर्याय आधी निवडावा, उरलेल्यांपैकी निम्म्या बंद कराव्यात आणि रीस्टार्ट करून पाहावे. मंदपणा गेला तर दोषी बंद केलेल्या निम्म्यांत आहे, राहिला तर चालू असलेल्यांत. ज्या निम्म्यांवर संशय उरतो त्यांचे पुन्हा दोन भाग करावेत. साठ सेवा असल्या, तरी अशा सहा फेऱ्यांत एकच नाव शिल्लक राहते.